पायलटची वही आणि आपली वही

आज आपण एका वहीचा इतिहास ऐकणार आहोत. ही वही किराणा दुकानातली नाही, बचत गटातलीही नाही. ती आहे विमान चालवणाऱ्या पायलटची. तिला म्हणतात लॉगबुक.

तुम्ही म्हणाल, युसूफ वडगावातल्या बायांना विमानाच्या वहीचं काय? आपल्याला विमान दिसतं ते आभाळात उमटलेल्या पांढऱ्या रेघेसारखं. खरं आहे. पण नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या पायलट मुलीला आज एक प्रश्न पडतो. वही कागदाची न्यायची की कॉम्प्युटरमधली? तोच प्रश्न आपल्या गटांतही आलाय. पूर्वी सगळे व्यवहार वहीत लिहायचे, आता ते मोबाईलच्या ॲपमध्ये भरले जातात. मग वही ठेवायची की सोडायची? पायलट लोकांनी या वाटेवर काय काय पाहिलं, ते आधी समजून घेऊ. मग आपल्या वहीकडे येऊ.

लॉग या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी समुद्रातल्या जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला लाकूड बांधून पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सरकल्या त्यावरून वेग कळे. तो आकडा ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक. पुढे जहाजावरची प्रत्येक नोंद त्या वहीत जाऊ लागली. वारा कसा, दिशा कोणती, आजारी कोण. विमानं आली तेव्हा त्यांनी हा शब्द जहाजाकडूनच उचलला.

विमानाची पहिली नोंद १७ डिसेंबर १९०३ ची. अमेरिकेतल्या राइट बंधूंनी त्या दिवशी इंजिनाच्या बळावर विमान उडवलं. पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. आपल्या एखाद्या वाफ्याच्या लांबीएवढं. पण ऑर्विल राइटने ते त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं. वेळ लिहिली, किती सेकंद ते लिहिलं. शिवाय तिथे पाच माणसं साक्षीला होती आणि त्यांच्यातल्या एकाने फोटोही काढला. आता नीट लक्ष द्या. त्याच दिवशीची नोंद, स्वतःच्या हातची, आणि बाहेरच्या माणसांची साक्ष. खरी नोंद कशी ओळखायची, त्याचे तिन्ही धागे पहिल्याच दिवशी सापडतात.

आपल्या देशात पायलटचा पहिला परवाना मिळाला जे. आर. डी. टाटांना. तारीख १० फेब्रुवारी १९२९, परवाना क्रमांक एक. ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकले. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं आणि जुहूला विमान उतरवलं. देशातल्या विमानसेवेची सुरुवात तिथून धरतात.

हळूहळू नियम झाले. १९३७ सालच्या विमान नियमांत पायलटने स्वतःची वही ठेवायची असं सांगितलं आहे. नोंद शाईने करायची आणि शेवटची नोंद झाल्यावरही वही निदान पाच वर्षं जपून ठेवायची. पेन्सिलने लिहिलं तर खोडता येतं, म्हणून शाई. साधी गोष्ट आहे, पण मोठी आहे.

या वहीत काय असतं? रकाने असतात. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वाजता निघालं, किती वाजता पोहोचलं. मग तासांचे रकाने. दिवसाचे किती, रात्रीचे किती. शिक्षकासोबत किती, एकट्याने किती, सहपायलट म्हणून किती, मुख्य पायलट म्हणून किती. पानाच्या तळाशी बेरीज, आणि ती बेरीज पुढच्या पानावर न्यायची. आपल्या वहीत मागील शिल्लक लिहितो ना, अगदी तसंच.

तास कसा मोजायचा हेही ठरलेलं आहे. विमान हवेत गेल्यावर तास सुरू होत नाही. उड्डाणासाठी विमान स्वतःच्या बळावर जागचं हललं की वेळ सुरू होते, आणि उतरून पूर्ण थांबलं की संपते. म्हणजे धावपट्टीपर्यंत जाण्याची, रांगेत थांबण्याची वेळही कामात धरली जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

हे तास म्हणजेच पायलटची कमाई. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० तास स्वतः मुख्य पायलट म्हणून. मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायला जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, तुमचे तास किती? आणि दुसरा प्रश्न न विचारताच समोर असतो, कशावरून?

आता या वहीतल्या बायांकडे येऊ. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल या २१ वर्षांच्या बाईने साडी नेसून एकटीने जिप्सी मॉथ विमान उडवलं. तेव्हा त्यांना चार वर्षांची मुलगी होती. पुढे त्यांनी १००० तासांचं उड्डाण पूर्ण केलं. तास लिहून ठेवायची पद्धत होती, म्हणून आज आपण हा आकडा सांगू शकतो. नाहीतर लोक एवढंच म्हणाले असते, हो, एक बाई होती, हौसेने विमान उडवायची. व्यावसायिक परवान्यासाठी त्या पुढे शिकायला निघाल्या. पण १९३९ साली पती अपघातात गेले, महायुद्ध सुरू झालं, नागरी प्रशिक्षण बंद पडलं. त्या चित्रकलेकडे वळल्या, फाळणीनंतर दिल्लीला आल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. वहीत हजार तास असूनही पायलटची नोकरी काही मिळाली नाही. वही सगळं करत नाही, हेही आपण ध्यानात ठेवू.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. प्रेम माथुर यांना १९४७ साली व्यावसायिक पायलटचा परवाना मिळाला. त्या नोकरीसाठी कंपन्यांकडे गेल्या. आठ कंपन्यांनी नकार दिला. बाई विमान चालवतेय हे कळलं तर प्रवासी घाबरतील, असंही त्यांना ऐकवलं गेलं. परवाना होता, तास होते, नियमाप्रमाणे सगळं होतं. शेवटी त्यांना घेतलं हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. ही कंपनी निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून निघालेली. त्या काळी आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत होता. म्हणजे भारतात बाईला पहिल्यांदा प्रवासी विमानाच्या पायलटची नोकरी दिली ती आपल्याच राज्याच्या कंपनीने. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात आलं नाही, पण सांगण्यासारखं आहे.

तिथेही त्यांना सहपायलट म्हणूनच बसवलं. विमान पूर्णपणे ताब्यात द्यायला कंपनी तयार नव्हती. पण सहपायलटचे तासही वहीत चढतात. १९४९ साली त्यांनी विमानांची राष्ट्रीय शर्यत जिंकली. १९५३ साली सरकारने खासगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, डेक्कन एअरवेजही त्यात गेली, आणि प्रेम माथुर इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. कंपनी बदलली, मालक बदलले. वही मात्र पायलटसोबत जाते. मालकाने काढून टाकलं तरी तास काढून घेता येत नाहीत.

पुढे १९८५ साली सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी कलकत्ता ते सिल्चर विमान नेलं. कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये सगळ्या बायाच, असं ते उड्डाण होतं. निवेदिता भसीन १ जानेवारी १९९० ला जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. तो मार्ग होता मुंबई, औरंगाबाद, उदयपूर. म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाण्यावर त्या दिवशी ते विमान एका तरुण बाईने उतरवलं. आज भारतातल्या पायलटांमध्ये बायांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास. आकड्यावर वाद घालायचा तर घाला, पण तो आकडा मोजता येतो, कारण प्रत्येकीची नोंद आहे.

इतकं सगळं वहीच्या बाजूने बोलले. आता वहीची दुसरी बाजू.

उड्डाण शिकायला एकेका तासाला हजारो रुपये लागतात. जिथे पैसा तिथे लबाडी. २०११ साली देशात खोट्या गुणपत्रिका देऊन परवाने मिळवल्याची प्रकरणं उघडकीला आली. सरकारने हजारो परवाने पुन्हा तपासायला घेतले. त्याच वर्षी राजस्थानात उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेतलं प्रकरण लाचलुचपतवाल्यांनी पकडलं. विमान उडवलंच नव्हतं, आणि वहीत तास चढले होते. शाईने लिहिलेले, सही शिक्क्यासह. म्हणजे शाई असली, सही असली, तरी लिहिणारा आणि सही करणारा एकमेकांना सामील असले तर कागद काय करणार?

अशी चोरी पकडायची कशी? दुसऱ्या नोंदींशी ताडून. पायलटची वही वेगळी असते, तशी विमानाचीही वेगळी वही असते. विमान त्या दिवशी निघालं का, इंधन किती भरलं, दुरुस्तीला तर उभं नव्हतं ना, हे सगळं दुसरीकडे लिहिलेलं असतं. खोटं बोलणाऱ्याला सगळ्या वह्या एकसारख्या खोट्या लिहाव्या लागतात. ते अवघड असतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये विमान खात्याने, म्हणजे डीजीसीएने, बरीच कामं एका ऑनलाइन व्यवस्थेवर आणली. तिचं नाव ई-जीसीए. त्यात ई-लॉगबुक आहे. पायलटने उड्डाणाची नोंद त्यात भरायची आणि ती शाळेच्या किंवा कंपनीच्या अधिकृत माणसाने मंजूर करायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये परवानाही मोबाईलवर आला. असं करणारा चीननंतर भारत दुसरा देश.

कॉम्प्युटरच्या वहीचे फायदे उघड आहेत. बेरीज चुकत नाही. पाण्यात भिजत नाही, उंदीर कुरतडत नाही. नोंद कधी केली, कुणी मंजूर केली, ते कळतं. मुलाखत घेणाऱ्याला रात्रीचे तास किती असं विचारलं तर बोट लावून पानं उलटावी लागत नाहीत.

तोटेही आहेत. जुन्या वहीतले तास नव्या व्यवस्थेत भरताना घोटाळे होतात. साधं उदाहरण घ्या. काही ठिकाणी एक तास तीस मिनिटं असं लिहितात, काही ठिकाणी दीड तास म्हणजे एक पूर्णांक पाच असं. आता एक तास पन्नास मिनिटं घाईत एक पूर्णांक पाच म्हणून भरली, तर वीस मिनिटं गेली. शंभर ओळींत असं झालं की कागदावरचा आणि कॉम्प्युटरमधला आकडा जुळत नाही. मुलाखतीला बसलेली माणसं नेमकं तेच पकडतात. तिसरी अडचण अशी, की कंपनीने मंजुरी द्यायला उशीर केला तर काम केलेलं असूनही नोंद अडकते. आणि नोंद दुसऱ्याच्या व्यवस्थेत असते. पासवर्ड हरवला, कंपनी बंद पडली, तर आपलीच वही आपल्याला दिसत नाही.

म्हणून शहाणे पायलट काय करतात? दोन्ही ठेवतात. सरकारसाठी ई-लॉगबुक, स्वतःसाठी कागदाची वही. आणि दर थोड्या दिवसांनी दोन्हींची बेरीज ताडून बघतात. मुलाखतीला जाताना पानोपानी सह्या आहेत का, बेरजा जुळतात का, अर्जात लिहिलेला तासांचा आकडा तोच आहे का, हे आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी बघतात. समोरचा माणूस वहीवरून तास तर मोजतोच, सवयही मोजतो. रोजचं रोज लिहिणारी मुलगी कामातही तशीच असणार, असा त्याचा हिशेब.

आता आपल्या वहीकडे येऊ.

महाराष्ट्रात माविमची स्थापना १९७५ ची, उमेद अभियान २०११ चं. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि पाचवं सूत्र, नियमित लेखे. आता गटाचे व्यवहार लोकोस ॲपमध्येही भरले जातात. पायलटचा इतिहास आपल्याला इथे उपयोगी पडतो. ॲप आलं म्हणून वही बंद करू नका. ॲपमध्ये नोंद एखादी ताई करते, तिच्या हातून शंभराचे हजार होऊ शकतात, तिच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. बैठकीतच तिला म्हणायचं, ताई, ॲपमध्ये माझी बचत किती दिसते, कर्ज किती दिसतं, वाचून दाखवा. वहीतला आकडा आणि ॲपमधला आकडा जुळला की सही करायची. बँकेचं पासबुक ही तिसरी साक्ष. तिन्ही जुळले म्हणजे झालं.

आणि आता सर्वांत महत्त्वाची वही. ती आपल्याकडे नाहीच.

आपल्या केज तालुक्यातून, सगळ्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी किती जोड्या ऊसतोडीला जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल एक, नोंद एक, आणि ती मुकादमाच्या वहीत, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. बाईने पहाटे उठून भाकरी केल्या, दिवसभर मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, रात्री गाडी भरली. काट्यावर गाडी तासन् तास उभी राहिली तर ती वेळ कुणी मोजली? पायलटचं विमान रांगेत उभं असलं तरी त्याची वेळ मोजली जाते. आपली नाही. मात्र एक दिवस बाई आजारी पडली, तर तो खाडा वहीत बरोबर चढतो. म्हणजे त्या वहीत बाईचं काम दिसत नाही, तिची गैरहजेरी दिसते.

हे असंच असतं असं म्हणू नका. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आया-आज्या खडी फोडायला गेल्या, तेव्हा मस्टरवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यापुढे त्यांचा अंगठा होता. २००५ च्या कायद्याने जॉब कार्ड आलं, त्यात किती दिवस काम केलं ते लिहायचं आणि कार्ड मजुराच्याच घरी राहायचं, असा नियम होता. ते किती जणींच्या घरी राहिलं आणि किती जणींचं दुसऱ्याच्या कपाटात, ते तुम्हीच सांगा. २०२३ पासून तिथे हजेरीही मोबाईलवर फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. रेंज नाही म्हणून फोटो गेला नाही, तर केलेलं काम बुडतं. पुन्हा तोच धडा, दुसऱ्याच्या हातातल्या नोंदीवर सगळा भार टाकू नये.

येत्या काळात ही गोष्ट वाढणार आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्रोन दीदी योजना मंजूर केली. देशातल्या १५,००० महिला गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, ८० टक्के मदत, जास्तीत जास्त ८ लाख, आणि गटातल्या एका बाईला प्रशिक्षण. ड्रोन चालवणारी तीही पायलटच. तिने किती एकर फवारलं, कुणाच्या शेतात, किती वेळ, याची वही पहिल्या दिवसापासून तिची स्वतःची हवी.

मग यंदा दसरा-दिवाळीनंतर फडावर जाताना एक काम करा. चाळीस पानी वही घ्या. पाच रकाने आखा. तारीख, कारखान्याचं नाव, गाडी किती टन भरली, काट्याच्या पावतीचा नंबर, आणि काट्यावर किती वेळ थांबलो. वहीवर दोघांची नावं लिहा, तुमचं आधी लिहिलं तरी चालेल. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. घेतलेली उचल पहिल्या पानावर शाईने लिहा आणि मुकादमाची सही मागा. त्याने दिली नाही तर तेही लिहा. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून गावातल्या गटातल्या मैत्रिणीला पाठवा. म्हणजे कागदही झाला, मोबाईलही झाला आणि साक्षही झाली.

हिशेबाच्या दिवशी मुकादम त्याची वही उघडेल. तेव्हा तुम्हीही तुमची उघडा.